ॲसिड म्हणजे कोणतं?

पांढरकवड्याला हायवेलगतच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे मालासोबत जाणारे कागद, लिहिते. आमच्या तांड्यात माल वाहणं पिढीजात. बैल गेले, ट्रक आले, एवढाच फरक. पण टेबलावर बसून मालाचं नाव लिहिणारी घरातली मी पहिलीच. माझा काका याच ऑफिसचा ट्रक चालवतो.

मी कामाला लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. काका नागपूरहून माल भरून येत होता. वाटेत एक कॅन कलंडला, तो त्यानं हातानं सरळ केला. बोटं ओली झाली. पाण्यानं धुऊन तो तसाच गाडी चालवत आला. हातावर साधा फोडही नव्हता. संध्याकाळ होता होता बोटं अशी ठणकायला लागली की कधी हूं न करणारा माणूस दवाखान्यात ओरडत होता.

डॉक्टरीणबाई एकच विचारत होत्या, "कोणतं केमिकल?"

मी गाडीतली बिल्टी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सफाईचं ॲसिड'.

"ॲसिड म्हणजे कोणतं? नाव सांगा. इलाज नावावर ठरतो."

माल पाठवणारा व्यापारी फोनच उचलेना. शेवटी त्याच्याकडून कळलं, हायड्रोफ्लोरिक. हे ॲसिड वरून काही दाखवत नाही, आत हाडापर्यंत जातं. त्यावर कॅल्शियमचा मलम लागतो. मलम आला, पण उशिरा. काकाची दोन बोटं काढावी लागली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावातला एक व्यापारी वणीकडे पाठवायला कॅन घेऊन आला. बिल्टीवर त्यानं हायड्रोक्लोरिक लिहायला सांगितलं. मी उठून बाहेर गेले आणि कॅनवरचं छापील नाव वाचून आले.

"भाऊ, कॅनवर हायड्रोफ्लोरिक हाये."

"मले माहीत हाये. तू क्लोरिक लिव. संडास धुवाचं ॲसिड म्हणून कोणी अडवत नाई. एका अक्षराचा तं फरक हाये."

"त्या अक्षरानं इलाज बदलते. नाई लिवत."

त्यानं आमच्या ऑफिसच्या शेठला हाक मारली. शेठ आतून आले, माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"पोरी, हातचं गिऱ्हाईक जाते. कायले अडून राह्यली? लिवून दे न."

"नाई, शेठ."

"मंग ऊठ तिथून. मी लिवतो."

मी उठले, पण घरी गेले नाही. बाहेर लिंबाच्या सावलीत ड्रायव्हर बसले होते, काकाही होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "त्या कॅनमंधी काकाचा हात खाल्ला तेच ॲसिड हाये. बिल्टीवर दुसरं नाव येणार हाये. ज्याले न्यायचं त्यानं न्या."

कोणीच जागचं हललं नाही. व्यापाऱ्यानं एकेकाला विचारलं. ज्याचा गाडी भरायचा नंबर होता तो ड्रायव्हर म्हणाला, "बरोबर नाव लिवा, तसं लायसन असलेला माणूस द्या. नाईतर आम्ही भरत नाई." काका उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

व्यापारी शिव्या देत माल घेऊन गेला. शेठनं दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको म्हटलं. मी आले. माझ्या खुर्चीवर बसले. उठवायला कोणी आलं नाही, कारण ड्रायव्हर बाहेर उभे होते.

पुढे तो व्यापारी परत आमच्याकडेच आला. त्याच्या कागदावर पूर्ण नाव होतं, अशा धोक्याच्या मालाला ठरवून दिलेला क्रमांक होता, कातडी जाळणारं आणि विषारी अशा दोन्ही नोंदी होत्या. असा माल न्यायचं शिक्षण घेतलेला ड्रायव्हरही शोधला गेला. मी बिल्टी लिहून दिली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मीही नमस्कार केला नाही.

गावात तो मला आगाऊ म्हणतो. म्हणू दे. अजूनही कोणी नुसतं 'केमिकल' लिही म्हणालं की मी पेन खाली ठेवते.

परवाच शेठ वैतागून म्हणाले, "लगन झाल्यावर सासरी बी अशीच भांडशीन काय?"

"नाव खोटं असन तं भांडीन," मी म्हटलं, आणि पुढच्या गाडीवाल्याला आत बोलावलं.