वारज्याच्या विहिरीतला रंग

यवतमाळची एसटी शिवाजीनगरला पोचली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. उतरल्याबरोबर नजरेत भरल्या त्या पाट्या. संगणक शिका, परदेशी जा, सहा महिन्यांत नोकरी मिळवा! आपल्याकडे निवडणुकीतसुद्धा एवढे फलक लागत नाहीत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. 'हरित रसायनशास्त्र' या विषयावर पुण्यात शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. दुसरं कोणी तयार होईना, म्हणून प्राचार्यांनी माझं नाव पाठवलं. खरं सांगते, नाव ऐकून मला हसूच आलं होतं. रसायनशास्त्र कसलं हिरवं असतं! पुणं पाहून होईल आणि भाचीची भेट होईल, एवढ्यासाठी मी निघाले.

भाची सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक खाट भाड्यानं) राहत होती. तिची गल्ली सापडेना, म्हणून पायरीवर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांना मी पत्ता विचारला.

"आपण त्याच गल्लीत उभ्या आहात," पेपर खाली न घेता ते म्हणाले. "पाटी लावली आहे. वाचतं कोणी नाही, ही गोष्ट वेगळी."

शिबिरात वक्ते सांगत होते की आधी घाण करायची आणि मग ती साफ करायची, ही पद्धतच चुकीची. घाण होणारच नाही अशी क्रिया शोधायला हवी. मी ते भिंतीवरच्या सुविचारासारखं वहीत उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी वाकून नमस्कार केला. बघते तो गजानन! माझा जुना विद्यार्थी, वर्गात प्रयोगाला सगळ्यात नीटनेटका. पुण्यात तो आधी एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होता, आता एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता आणि तिच्याच वतीनं शिबिराला आला होता.

"मॅडम, उद्या रविवार, शिबिर लवकर सुटेल. माझ्याबरोबर वारज्याला याल? एक विहीर दाखवायची आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या स्कूटरवर बसून निघालो. कोथरूड मागं पडलं आणि एका खड्ड्यात माझी एक चप्पल उडाली. वळून बघेपर्यंत तिच्यावरून ट्रक गेलासुद्धा. एका चपलेनं मी वारज्यात उतरले. एका बाजूला उसाचं शेत, त्याला लागून अर्धवट बांधलेल्या इमारती आणि बिल्डरांचे बोर्ड. गावच्या कडेला बबनराव नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, माझ्या पायांकडं बघितलं, काही न विचारता स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढं सरकवल्या आणि त्या अनवाणी आत गेल्या.

बबनरावांनी विहिरीत बादली सोडली. पाणी वर आलं. ते गुलाबी होतं, लग्नात वाटतात त्या सरबतासारखं.

"चार वर्सं झाली," बबनराव म्हणाले. "आदी वास यायचा, मंग रंग आला. गाय तोंड लावत न्हाई."

"कोणी केलं हे?"

बबनरावांनी गजाननकडं पाहिलं.

"मी, मॅडम," गजानन म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो शांतपणे सांगत राहिला. वरच्या अंगाला ओढ्याकाठी (ओढा म्हणजे आपल्याकडचा नाला) तो केमिस्ट होता तो कारखाना होता. रंग धुतल्यावर उरणारं पाणी ओढ्यात सोडलं जाई. सोडा, असं सांगणारा तोच. आता कारखाना बंद पडला होता आणि त्या जागेवर इमारती येणार होत्या.

"तुला समजत नव्हतं?" माझा आवाज चढला. "तू माझा विद्यार्थी ना?"

"बारावीला आपण अ‍ॅनिलीनपासून लाल रंग करायचो, आठवतं? माझा माल सगळ्यांत जास्त निघाला, म्हणून तुम्ही 'उत्तम' असा शेरा दिला होता. उरलेल्याचं काय करू म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, बेसिनमध्ये ओत आणि नळ सोडून दे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. 'अरे, तो एक चंचुपात्रभर रंग होता,' असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण समोर ती बादली होती. मी विहिरीच्या काठावर खाली बसले.

सुभद्राबाईंनी जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं कालवण (पातळ भाजी). पाण्याच्या तांब्यापाशी माझा हात थांबला.

"प्या बाई, टँकरचं हाय," त्या हसून म्हणाल्या.

गजानन बाटल्यांत विहिरीचं पाणी भरायला गेला तेव्हा मी बबनरावांना विचारलं, "याला घरात कसं येऊ देता?"

"पयल्यांदा आला तवा काठी घिऊन मागं लागलो व्हतो. पर मालक आला न्हाई, सायेब आला न्हाई. ह्यो एकलाच आला. म्हनला, मी केलंय. आता दर रईवारी येतो, पानी तपासतो."

"पाणी सुधारेल?"

"ते त्याला इचारा."

परतताना विचारलं. स्कूटर चालवता चालवता तो म्हणाला, "माहीत नाही, मॅडम. माझ्या हयातीत नाही बहुतेक." तोच रंग अशा रीतीनं करायचा की धुवायलाच फारसं काही उरू नये, आणि धुतलेलं पाणी पुन्हा त्याच कामाला यावं, यावर त्याचे प्रयोग चालले होते. "जमलं तरी ही विहीर त्यानं सुधारणार नाही. दुसरी एखादी वाचेल."

यवतमाळला आले त्याच सकाळी मी कॉलेजात गेले, पण वर्गावर गेले नाही. प्रयोगशाळेला वळसा घालून मागं गेले. बेसिनचा पाइप भिंतीतून बाहेर येऊन सरळ मातीत सुटला होता. तिथं गवताची काडी नव्हती. माती नारिंगी, वर चिकट साय. आणि तिथून वीसेक पावलांवर मुलांचा हातपंप.

आमचे शिपाई शंकरराव मला बघून धावत आले. "मॅडम, इकडं कायले आल्या? इकडं तं कोनीच येत नाई."

त्याच दिवशी मी हातपंपाला कुलूप घालायला लावलं, आणि बेसिनखाली झाकणाची बरणी ठेवली. प्राचार्य रागावले, मुलं हसली. रंगाचा प्रयोग आता आम्ही थेंबाथेंबानं, छोट्या परीक्षानळीत करतो. विहिरीपुढं हे फारच थोडं आहे, हे मला कळतं.

बावीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत शिकवत होते. भिंतीच्या पलीकडं पोचायला मला पुण्याहून फिरून यावं लागलं.