काळ्या जिभेचा ड्रायव्हर

रामजी सावर्डेकर पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरला तो छप्पन साली, लालबागच्या एका गॅरेजात आपल्या ट्रकमालकाशी वाद घालताना. ट्रकचा सायलेन्सर सडला होता आणि हे मालक, तात्या बेंद्रे, भंगारातून लष्करी गाडीचा जाडजूड पाइप घेऊन आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आपली गाडी गरजली पाहिजे, ही त्यांची हौस.

"तात्या, जुन्याच मापाचा घ्या," रामजी म्हणाला. "एवढ्या रुंद पाइपाने हळू चालताना गाडीत ओढ राहणार नाय. कापसाच्या गासड्या भरून करी रोडचा पूल कसा चढायचा?"

"अडली तर तू उतरून चाकामागे ठोकळा लाव!" तात्या म्हणाले आणि सगळं गॅरेज हसलं.

पहिल्याच खेपेला गाडी अर्ध्या चढावर गुदमरली. तात्यांनी पाइपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"काळ्या जिभेच्या! तू बोललास म्हणून अडली."

स्टिअरिंग त्यांनी भाच्याच्या हाती दिलं आणि रामजीच्या हाती लाकडी ठोकळा. रामजी चार मालकांकडे काम मागायला गेला. "रामज्या, आमच्या गाडीबद्दल काय बोलू नको रे बाबा!" म्हणत त्यांनी दारातूनच हात जोडले. पाइप बदलावा तर रामजी खरा ठरला असता, म्हणून तात्यांनी तो बदलला नाही.

यंदा महाराष्ट्र झाला, तात्यांनी पेढे वाटले. पाइप तोच आहे. भरलेली गाडी पूल चढू लागली की रामजी ठोकळा घेऊन तिच्या मागून चालतो.