अंधाऱ्या हॉलसाठी क्रोटन

सावेडीतल्या एका नर्सरीवाल्या बाईने मला फसवलं. मी तिला नाही, तिने मला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी बायको हीच गोष्ट सगळ्या नातेवाइकांत उलटी सांगते.

मी मूळचा खर्ड्याकडचा. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे, रंग मारून विकायचे, यावर मी उभा राहिलो. या धंद्याने मला एक गोष्ट पक्की शिकवली. आपली नड समोरच्याला कळू द्यायची नाही. ट्रॅक्टर बघायला गेलो की मी आधी म्हणतो, "मला नकोच आहे, इकडून चाललो होतो म्हणून थांबलो." ही सवय इतकी अंगात मुरली आहे की डॉक्टरलासुद्धा मी कुठं दुखतंय ते पहिल्या झटक्यात सांगत नाही.

सावेडीतला फ्लॅटही असाच घासून घेतला. बिल्डर रडकुंडीला आला होता. पण मी फ्लॅट पाहिला तो दिवेलागणीला. राहायला गेल्यावर कळलं की समोरची इमारत इतकी चिकटून आहे की हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागते. बिल्डर रडत होता की हसू दाबत होता, याचा मी अजून विचार करतो.

बायको पुणतांब्याची, गोदाकाठची. माहेरी दारात पेरू, शेवगा, मागे ऊस. फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. एक दिवस तिने कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली.

"ह्या घरात कायतरी हिरवं आणा," ती म्हणाली, "न्हाईतर मी चालले भावाकडं. तुमी बसा तुमच्या स्वस्तातल्या हॉलमधी."

मी घाबरलो. म्हणजे चिडलो. माझ्याकडे बघून या दोन्हींतला फरक कळत नाही. तसाच तडक नर्सरीत गेलो.

"काका, झाड कुठं ठेवणार? ऊन येतं का?" बाईने विचारलं.

मी सावध झालो. ही नड काढून घेतेय. "इकडून चाललो होतो म्हणून थांबलो," मी म्हणालो. तेव्हा तिने आपणहून स्नेक प्लँट पुढे केलं. उभ्या तलवारींसारखी पानं. मग झेडझेड प्लँट. "ही कमी उजेडात टिकतात. पाणीही फार मागत नाहीत."

"कमी उजेड?" मी म्हणालो. "आमच्या हॉलमध्ये पापड वाळत घालतो आम्ही!"

"मग काळजीच मिटली," ती म्हणाली आणि लाल-पिवळ्या पानांचं एक झकास क्रोटन ओढून आणलं. "जितकं ऊन, तितका रंग."

झाड मला पाहताक्षणी आवडलं, म्हणून मी त्याला नावं ठेवायला लागलो. पानं उलटी करून कीड शोधली. कुंडीवर टिचकी मारून खोट काढली. टायर असता तर लाथही मारून बघितली असती. एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी ती म्हणाली, "घ्या काका, बोहनी व्हायचीय माझी." वर एक जास्वंदीचं रोपही मी मागून घेतलं. रिक्षात क्रोटनची पानं नाकातोंडात जात होती आणि मी जिंकलो होतो.

हॉलमध्ये आल्यावर क्रोटन पानं टाकायला लागलं. मी जास्त पाणी घातलं, ते जास्त पानं टाकायला लागलं. त्याच्या डोक्यावर ट्यूब लावली. जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळाल्या. बायको रोज पानं सुपलीत भरायची आणि दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघायची. एके सकाळी मी क्रोटन उचललं, बायकोला साक्षीदार म्हणून रिक्षात घातलं आणि नर्सरीत जाऊन आवाज चढवला.

बाई शांतपणे बायकोला म्हणाली, "ताई, काका म्हणाले होते, हॉलमध्ये पापड वाळतात."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "पापड? आमच्यात भांडी पुसायचं फडकं वाळंना!"

"ते भाव करतानाचं बोलणं होतं," मी म्हणालो.

पण ऐकतंय कोण. बायकोने सगळी नड तिच्यापुढे उघडी करून टाकली. "ताई, घर अंधारं हाय. पाणी घालायचं ध्यानात ऱ्हात न्हाई. आन् मानूस दिवसभर खेकसतो. ह्यात काय जगंल?"

बाईने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही जगलात ना, ताई? मग ही पण जगतील." आणि तीच दोन झाडं, स्नेक प्लँट आणि झेडझेड, शिवाय मनी प्लँटची एक वेल तिने पुढे ठेवली. दोघी हसत होत्या. बाईने सांगितला तोच भाव बायकोने मोजला. मला उभ्या उभ्या घाम फुटला.

ती तिन्ही झाडं आता हॉलमध्ये मजेत आहेत. मी ओरडलो तरी त्यांचं पान हलत नाही. बायकोने दाराशी ठेवलेली पिशवी आत नेली. मला वाटलं, सुटलो. पण क्रोटन आणि जास्वंद तिने भावाच्या अंगणात पोचवली होती. तिथल्या उन्हात क्रोटन असं पेटलंय म्हणतात की रस्त्याने जाणारे थांबून बघतात. आता मनात आलं की ही निघते. "झाड बघून येते." आणि आठ-आठ दिवस तिकडंच. नको म्हणायची सोय नाही, कारण झाड मीच आणलेलं.

आज सकाळीही ती गेली. मी स्वतःच्या हाताने केलेली कच्ची भाकरी स्नेक प्लँटसमोर बसून खातोय आणि हे लिहितोय. उभं आयुष्य बाजारात गेलं. माझ्या शब्दावर कुणी कधी विश्वास ठेवला नाही, म्हणूनच माझे व्यवहार नीट झाले. गिऱ्हाईक बोलेल ते खरं धरून माल द्यायचा, ही कुठली रीत? त्या बाईने माझ्या बोलण्याचीही घासाघीस करायला हवी होती. म्हणायचं, काका, थापा पुरे, अंधार किती आहे तेवढं बोला. मी निम्मा अंधार तरी कबूल केला असता. तिने उलटून एक शब्द विचारला नाही. त्या बाईने इथं यावं, या हॉलमध्ये उभं राहावं आणि मला जाब द्यावा: तिने माझ्यावर विश्वास ठेवलाच का?