कौसल्याबाईंनी खोटे ठरवलेले नाणे

कौसल्याबाईंची आणि माझी पहिली भेट भंडाऱ्यात, त्यांच्या पितळी भांड्यांच्या दुकानात झाली. पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घडा, घेऊन मी पैसे पुढे केले, तर त्यातला एक रुपया त्या उजेडात धरून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हा खर्च नोका करू. याचा ठसा सरकला हाय." मी इतिहासाचा शिक्षक, सातवाहनांची नाणी शिकवत असे, पण खिशातला रुपया कधी नीट पाहिला नव्हता.

टांकसाळीतून चुकून निसटलेली नाणी त्यांनी तीन डब्यांत लावली होती : पत्र्याची चूक, ठशाची चूक, ठोक्याची चूक. चौथ्या डब्यात बाहेरच्या माणसाची लबाडी. ही वर्गवारी त्यांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही. सासऱ्यांच्या हाताखाली पितळ ठोकताना धातू कुठे दबतो, कुठे पसरतो, हे त्यांची बोटे शिकली.

आता ज्या प्रसंगासाठी लिहायला बसलो, तो सांगतो. या गौरवग्रंथाच्या संपादकांना रुचो न रुचो. सत्तरच्या दशकात आपल्याच नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याने 'दुर्मीळ' रुपया मांडला होता. एका बाजूला उठावाचे सिंह, दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि खोलगट. तुमसरच्या राइस मिलमधला एक फिटर त्याच्या बदल्यात आपली सायकल द्यायला निघाला होता. कौसल्याबाईंनी नाणे तिरपे धरले.

"सायकल नोको देऊ, भाऊ. टांकसाळीत मधी दुसरं नाणं अडकून झालेली चूक असती, तं मांगचा आकडा उमटलाच नसता. इथं तो चेपलेला दिसून राहिला. दोन रुपये एकावर एक ठेवून शिकंज्यात दाबले हायेत."

तेव्हाचे अध्यक्ष सर्वांदेखत ओरडले, "बाई, तुम्ही भांडी विका. तज्ज्ञ आम्ही आहोत!" आणि स्वयंसेवकांनी त्यांना दाराबाहेर नेऊन सोडले. मी मंडळाचा कार्यवाह, पाच पावलांवर उभा होतो. चेपलेला आकडा मलाही दिसला होता. मी गप्प राहिलो.

फिटरने सायकल दिली नाही. व्यापारी दुपारीच टेबल आवरून गेला. अहवालात मात्र छापले गेले, की बनावट नाणे 'मंडळाच्या तज्ज्ञांनी' ओळखले. कोणत्या तज्ज्ञांनी? एकाने तरी ते हातात घेतले होते का?

पुढच्या वर्षी कौसल्याबाई प्रदर्शनाच्या फाटकाबाहेर चटई टाकून बसल्या. लाखनीपासून लोक पुरचुंड्या घेऊन आले. प्रत्येकाचे नाणे त्यांनी पाहिले, खोटे असेल तर खोटे कसे तेही समजावले. आतली टेबले ओस पडली होती.

आज तेच मंडळ त्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ काढत आहे आणि निवेदनात त्यांना 'हौशी संग्राहक' म्हणत आहे. हौशी! ज्यांच्या तीन डब्यांवर आमची निम्मी व्याख्याने उभी राहिली, त्या हौशी? मंडळाने अजून त्यांची माफी मागितलेली नाही. मी माझ्यापुरती इथे, छापील अक्षरांत मागतो.

हे सारे लिहिणार असल्याचे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "लिहा. पण त्या फिटरचं नाव नोका टाकू गुरुजी. बिचारा लाजन."

कौसल्याबाईंना निरोगी शंभरी लाभो, आणि त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो. माफी मागायचे ज्यांचे राहिले आहे, त्यांनी मात्र तेवढी वाट पाहू नये.