बुधवारची मॅच, गुरुवारची हाडं

तुमच्या विद्यापीठाची मुलींची व्हॉलीबॉल टीम गेल्या बुधवारी कुठे खेळत होती, आणि गुरुवारी सकाळी त्या मुली कुठल्या वर्गात असायला हव्या होत्या, हे तुम्हाला सांगता येईल का? मलाही सांगता आलं नसतं. हजेरीपट माझ्या हातात होता, म्हणून कळलं.

मी टेक्ससमधल्या एका विद्यापीठात जीवशास्त्रात पीएचडी करते आणि पदवीच्या मुलांचं शरीररचनेचं प्रॅक्टिकल घेते. सेमिस्टरच्या मध्यावर एक मोठी परीक्षा असते. लांबलचक टेबलांवर माणसाची हाडं मांडतात, त्यांवर पन्नास ठिकाणी आकडे चिकटवतात, आणि मुलांनी हातात पाटी घेऊन फिरत फिरत प्रत्येक आकड्यासमोर नाव लिहायचं. वेळ गुरुवारी सकाळी नऊची. खेळाडू दौऱ्यावर असेल तर सवलत एवढीच, की त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत कधीही यावं. बारानंतर शून्य.

माझ्या वर्गात आमच्या टीमची लिबेरो होती. लिबेरो म्हणजे मागच्या रांगेत खेळणारी, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट घालणारी, जमिनीला टेकायला आलेला बॉल लोळण घेऊन वर उडवणारी. ती पश्चिम टेक्ससमधल्या एका छोट्या गावातून आलेली, तिला नर्स व्हायचं होतं. या परीक्षेत शून्य पडलं की नर्सिंगचा अर्ज एक वर्ष मागे, आणि तिची शिष्यवृत्ती तेवढं एक वर्ष थांबणारी नव्हती. परीक्षेच्या तीन आठवडे आधी ती माझ्याकडे एक पत्र घेऊन आली.

"प्रोफेसर, हे प्रवासाचं पत्र."

"मी प्रोफेसर नाही, मी विद्यार्थीच आहे."

"बरं, प्रोफेसर. बुधवारी संध्याकाळी आमची मॅच आहे. कॅलिफोर्नियात."

"बुधवारी? कॅलिफोर्नियात?"

"आता आम्ही त्यांचे शेजारी आहोत," ती म्हणाली आणि इतकी हसली की पत्र टेबलावरच्या बरगड्यांत पडलं.

हे शेजारपण नवीन होतं. कॉन्फरन्स म्हणजे वर्षभर आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. पूर्वी हे गट आजूबाजूच्या गावांचे असत. आमच्या लिबेरोचं पहिलं वर्ष बसमध्ये गेलं होतं: उशी बगलेत, तीन तासांत समोरच्यांच्या गावात, मॅच खेळून त्याच दिवशी घरी. मग अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही-करारांसाठी विद्यापीठांनी गट बदलायला सुरुवात केली. कुणी इकडून तिकडे गेलं, त्याची जागा घ्यायला तिसरं आलं, एक गट जवळजवळ रिकामाच झाला. काही कॉन्फरन्सच्या नावातच सभासदांचा आकडा असतो, दहा किंवा बारा, पण आता त्याचा आणि खऱ्या सभासदसंख्येचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. आमच्या विद्यापीठानेही उडी मारली. फुटबॉलवाले शनिवारी खेळतात, आठवड्यातून एकदाच. व्हॉलीबॉलच्या मुलींनी मात्र बुधवारीही देश ओलांडायचा.

माझं डोकं तापलं. ते तापण्यासाठीच घडवलेलं आहे. माझी आई सोलापुरात अंगणवाडी सेविकांच्या युनियनचं काम करते. आमच्या घरात कोरा कागद नावाची वस्तू नव्हती, सगळ्या कागदांच्या एका बाजूला पत्रक असायचं आणि दुसऱ्या बाजूला माझे पाढे. माझा ज जहाजाचा नव्हता, जाहीर सभेचा होता. अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो, मग राग येतो, असा आमचा क्रम.

"तुम्ही खेळायलाच नकार द्या," मी लिबेरोला सांगितलं. "सगळ्या मिळून. मी पत्रक काढते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला मांडीचं हाड दाखवून कोपर म्हटलं होतं.

"मला खेळायचंय. मी सहावीपासून याचसाठी गुडघे सोलून घेतलेत. मला मॅच पण हवी आणि परीक्षा पण हवी. दोन्ही."

दोन्ही. इतकी साधी मागणी मी आयुष्यात कुठल्या पत्रकात वाचली नव्हती. मी तिच्याकडून प्रवासाचा कागद घेतला. मॅच बुधवारी संध्याकाळी. टीमचं परतीचं विमान गुरुवारी दुपारचं. पण त्याच विमानतळावरून सकाळी सहाला एक विमान होतं, प्रवास साडेतीन तासांचा. सहा आणि साडेतीन, साडेनऊ. विमानतळ ते कॅम्पस एक तास. साडेदहाला पोरगी हाडांसमोर उभी. दीड तास हातात. मला खुर्चीत बसवेना.

पत्रक एका बैठकीत झालं. मथळा होता: "पहिल्या विमानाने परत आणा". आईच्या पद्धतीने मुलीचं नाव गाळलं, म्हणजे उद्या तिच्यावर काही येऊ नये. खाली मी अध्यक्षांना, खेळ संचालकांना, कॉन्फरन्सला, टीव्ही कंपनीला आणि सुज्ञ नागरिकांना आवाहन केलं. दोनशे प्रती काढल्या.

वाटायची जागा ठरलेलीच होती. शनिवारी फुटबॉलची मॅच असली की स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये सकाळपासून तंबू लागतात, शेगड्या पेटतात, लोक मॅचच्या आधी चार-चार तास खातात. तिथे प्लेनो नावाच्या शहरातल्या एका मराठी काकांचाही तंबू असतो. ते आमच्याच विद्यापीठात शिकले, तीस वर्षांपूर्वी नागपूरहून आले, आणि आता एकही होम गेम, म्हणजे आपल्या मैदानावरची मॅच, चुकवत नाहीत. त्यांच्या तंबूत सॉसेजच्या शेजारी बटाटेवडे तळले जातात आणि पलीकडच्या तंबूतले अमेरिकन लोक रांग लावतात.

"या कॉम्रेड," काका म्हणाले. "आमच्या तंबूत क्रांती करायला हरकत नाही, पण वडे गरम आहेत तोवर खाऊन घे."

"काका, आधी हे वाचा."

"नवीन कॉन्फरन्सच्या विरोधात आहे का? मग नाही वाचणार. अगं, आपण आता मोठ्या लोकांत बसतो. ऑफिसमध्ये मी मान वर करून चालतो."

"तुमची मान वर, आणि मुली बुधवारी विमानात."

"बरं, दे."

मी सगळ्या पार्किंगमधून फिरले. लोक इतके सभ्य की एकानेही पत्रक नाकारलं नाही, आणि इतके भुकेले की एकानेही ते वाचलं नाही. दुसरा फेरा मारला तेव्हा माझी पत्रकं वड्यांच्या खाली तेल शोषत होती. "सुज्ञ नागरिकांनो"वर तर आरपार डाग. तरीही मला आनंद होत होता. सोलापूर सोडल्यापासून मी पहिल्यांदा कुणाच्या तरी हातात कागद देत होते, पायात अगदी स्प्रिंग बसवल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात काकांनी हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

"हे साडेनऊ कुठून काढलंस?"

"सहा अधिक साडेतीन."

"अगं, तिकडे सहा वाजतात तेव्हा इकडे आठ वाजलेले असतात. मी रोज कॅलिफोर्नियाच्या टीमशी मीटिंग करतो. तुझं विमान साडेअकराला उतरतं. मुलगी साडेबाराला पोचते. तुझ्या पहिल्या विमानाने काहीच होत नाही."

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. आईला फोन करताना साडेदहा तासांचा हिशोब झोपेत करणारी मी, आणि एकाच देशात दोन घड्याळं असतात हे विसरले. ज्या देशात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वेळ, तिथे वाढलेल्या माणसालाच ही चूक जमते. काका हसले, मग त्यांच्या तंबूतले सगळे हसले. पलीकडच्या तंबूतल्यांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा तेही हसले, वर मला आणखी एक वडा दिला. आमच्याच तंबूतला.

रविवारी सकाळी आईला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"किती वाटलीस?"

"दोनशे."

"कुठे?"

"स्टेडियमबाहेर."

"मग दुरुस्ती पण तिथेच उभं राहून वाटायची. तितकीच."

"आई, कुणी वाचलंच नाही. चूक कुणाला कळणार?"

"कागद तुझा आहे ना? लोकांनी वाचलाय असं धरूनच चालायचं." मग तिने विचारलं, "त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"कुठल्या खोलीची?"

"हाडांच्या."

मला माहीत नव्हतं. मी आमच्या मुख्य प्राध्यापकांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, बारानंतर खोलीत देखरेखीला कुणी नसतं, नियमच तसा आहे, त्यांच्या हातात काही नाही. मी तिथेच थांबले होते. किल्ली कुणाकडे असते हे विचारायचं सोडून मी टीव्ही कंपनीला आवाहन केलं होतं.

"अध्यक्षाच्या आधी शिपाई," आई म्हणाली. "इतकी वर्षं काय बघितलंस घरात?"

दुसरं पत्रक अर्ध्या पानाचं झालं. मथळा: "आमचं चुकलं". खाली लिहिलं, की गेल्या शनिवारी आम्ही म्हटलं होतं, पहिलं विमान पुरेसं आहे. ते पुरेसं नाही, आम्ही घड्याळातला फरक विसरलो. मुलगी साडेबाराला पोचेल आणि परीक्षेची खोली बाराला बंद होते. तेव्हा पहिल्या विमानाची मागणी कायम ठेवून आणखी एकच मागतो: त्या गुरुवारी हाडांची खोली दोन वाजेपर्यंत उघडी ठेवायला कोण तयार आहे?

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्याच पार्किंगमध्ये. आणि काय गंमत सांगू, लोक वाचू लागले. "आमचं चुकलं" असा मथळा त्या मैदानावर कधी कुणी पाहिलाच नव्हता. माणसं उभी राहून वाचत होती, बायकोला हाक मारत होती. एका आजोबांनी तर पहिलं पत्रक मागितलं, नेमकी चूक काय होती ते बघायला. काकांनी स्वतः पन्नास प्रती घेतल्या आणि वड्याच्या प्रत्येक प्लेटबरोबर एक द्यायला लागले. "आधी वाचन, मग चटणी," असा त्यांचा नियम. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर नव्या कॉन्फरन्सच्या बाजूचे." ते म्हणाले, "आहेच. म्हणून काय पोरीला नापास करू?"

अकराच्या सुमारास तीन तंबू पलीकडून एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. डोक्यावर टीमची विटलेली टोपी, एका हातात दुसरं पत्रक.

"पहिलं मी सॉसेजखाली ठेवलं होतं," तो म्हणाला. "पण या दुसऱ्यात माझी खोली आहे."

मी मनातल्या मनात त्याची टोपी काढली. एकदम ओळखलं. दर बुधवारी हाडं मांडणारा आणि गुरुवारी उचलून ठेवणारा आमच्या प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. दोन वर्षं मी त्याला फक्त पांढऱ्या ॲप्रनमध्ये पाहिलं होतं, आणि सुप्रभात यापलीकडे एक शब्द बोलले नव्हते.

"किल्ली तुमच्याकडे असते?"

"एकोणीस वर्षं."

"बारानंतर तुम्ही थांबाल?"

"मी तसाही तिथेच डबा खातो. मला कधी कुणी विचारलं नाही." मग त्याने टोपी नीट केली. "ती लिबेरो ना? गुरुवारच्या वर्गात टीममधली तीच आहे. मागच्या महिन्यात तिने एक बॉल खुर्च्यांतून काढला होता. तिच्यासाठी मी चारपर्यंत थांबेन. प्राध्यापकांना मी सांगतो, ते मला नाही म्हणत नाहीत."

आता उरलं विमान. सोमवारी लिबेरो स्वतः "आमचं चुकलं" घेऊन कोचकडे गेली. कोचने वाचलं, म्हणाली, "चूक कबूल करणाऱ्याला मी नाही म्हणत नाही," आणि तिला एका सहायक कोचबरोबर सकाळी सहाच्या विमानाने पाठवायचं ठरवलं.

तो गुरुवार मी विसरणार नाही. बाकीची मुलं नऊला येऊन, लिहून, दहापर्यंत निघून गेली. अकरा. साडेअकरा. बारा वाजले तेव्हा तंत्रज्ञाने दाराकडे पाहिलं, दारात पाचर घातली आणि डबा उघडला. आम्ही दोघं सांगाड्याच्या शेजारी बसून जेवलो. मी त्याला थालीपीठ दिलं, त्याने मला सफरचंद दिलं. आदल्या रात्रीची मॅच त्याने मुद्दाम बघितली नव्हती, ती आता फोनवर आवाज बंद करून लावली होती. बारा चाळीसला जिन्यात धावण्याचा आवाज आला. टीमचा ट्रॅकसूट, गुडघ्याला बांधलेली बर्फाची पिशवी, केसांत अजून रिबीन.

"पाच सेट, प्रोफेसर. हरलो. पण काय मॅच झाली."

"सांगू नकोस, मी बघतोय," तंत्रज्ञ ओरडला आणि त्याने कान झाकले.

पण निकाल तोवर सांगून झाला होता. ती इतकी हसली की पहिला आकडा तिला दिसेना. मग तिने डोळे पुसले, पाटी घेतली आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अशी सरकत गेली जशी मागच्या रांगेत सरकते, गुडघे किंचित वाकवून, नजर खाली. पन्नासपैकी सेहेचाळीस. चुकलेल्या चारांत एक गुडघ्याची वाटी होती, आणि त्यावर तिने स्वतःच्या गुडघ्याकडे बघून मला विचारलं, "हिला मी रोज आपटते, आणि नाव विसरले?"

माझं डोकं अजून तापलेलंच आहे. एका तंत्रज्ञाच्या डब्याने एका मुलीचं वर्ष वाचलं, पण वेळापत्रक तेच आहे, आणि ज्यांच्या खोलीला असा माणूस नाही त्या मुली शून्य घेऊन बसल्या असतील. आठवड्याच्या मधल्या वारी फक्त बसने जाता येईल एवढ्या अंतरावर खेळा, ही मागणी मी सोडलेली नाही. तिसरं पत्रक तयार आहे, आणि त्यातली सगळी घड्याळं काकांनी तपासली आहेत.

तोवर तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही कुठल्या विद्यापीठात शिकत असाल, शिकवत असाल, किंवा तुमची मुलगी तिथे असेल, तर आज तिथल्या मुलींच्या टीमचं वेळापत्रक उघडा, त्यातली मधल्या वारची सगळ्यात लांबची मॅच शोधा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलींची कुठली खोली बंद होणार आहे ते विचारा. मग अध्यक्षांना लिहायच्या आधी त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे जा आणि विचारा, की तुम्ही थोडा वेळ थांबाल का.