कडू आधी, वास शेवटी

नव्वद सालच्या आसपास मी अंबरनाथच्या एका लहानशा बिअर कारखान्यात केमिस्ट होते. बदलापूर गावात, आमच्या घरी, मात्र मी ‘फूड कंपनी’त होते. दिवाळीपर्यंत कायम झाले नाही तर नोकरी सोडायची आणि येतील ती स्थळं बघायची, असं बाबांनी बजावलं होतं. कायम करणं साहेबांच्या हातात होतं, आणि साहेबांना नवी बिअर हवी होती.

बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचे दोन पुडे परदेशातून आले होते. एक कडू जातीचा, एक वासाचा. दोन्हींतल्या, फुलं दळून दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या दिसायला गुरांच्या पेंडीसारख्याच.

“मॅडम, सिंपल आहे,” साहेब म्हणाले. “वासाचं आधी टाका. फोडणी आधीच देतात ना? कडू मागाहून, कोथिंबिरीसारखं वरून.”

साहेबांनी जन्मात फोडणी दिली नव्हती. मी सांगितलं की तासभर उकळलं तर वास उडून जातो, आणि कडू उकळल्याशिवाय उतरतच नाही. ते नुसते हसले. त्यांच्या कृतीची बिअर ना कडू झाली ना वासाची. चाखायला बसलेल्या चार अधिकाऱ्यांनी “स्मूथ आहे” म्हणत माना डोलावल्या आणि अर्धे ग्लास तसेच ठेवले. त्या टेबलाशी मला जागा नव्हती. “लेडीजना कशाला?” म्हणे. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या खेपेला साहेब गावी गेले होते. मी कडू आधी टाकलं आणि वासाचं शेवटच्या पाच मिनिटांत. दोन आठवडे बिअर टाकीत मुरली, मग त्याच चौघांनी ग्लास रिकामे केले. एकाने तर पुन्हा पुढे केला, निव्वळ खात्री करायला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कृती आपलीच होती, हे ते धरूनच चालले होते. कायम होण्याचा कागद त्यांच्यापुढे सहीविना पडला होता.

“पण चव एवढी नेमकी कशी जमली? खरं सांगा, तुम्ही चाखलीत?”

“साहेब, आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चव न घेताच करतात. आईला वासावरून मीठ कळतं.”

नैवेद्य म्हटल्यावर आपण कोण ठरलो, हे साहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी खुशीत लगेच सही केली.

घरी आईने देवापुढे पेढे ठेवले. मी हात जोडले आणि मनातल्या मनात कबूल केलं, की दोन आठवडे मी त्या टाकीतून रोज पेलाभर पीत होते. साहेबांना गेलेला नैवेद्य माझा उष्टा होता.