आमचा तुकडा

चौसाळ्याच्या हमरस्त्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता आम्ही बायकांनी केला, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगते. दुष्काळी कामावर खडी फोडून केला. मी लग्न होऊन नुकतीच आले होते आणि माझा संसार सासूच्या, म्हणजे आत्याबाईंच्या टोळीत, हातोडी धरूनच सुरू झाला. प्रत्येक टोळीला मोजून तुकडा मिळे. आमचा तुकडा आमच्याच शेताच्या बांधालगत आला. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली भाकरी खायची, की पुन्हा खडी. हाताला फोड यायचे, पण हसून हसून पोट दुखायचं. ते हसणं पुन्हा कधी भेटलं नाही.

काम संपलं तरी तुकडे ज्याचे त्याचेच राहिले. खड्डा पडला की त्या टोळीनं मुरूम टाकायचा, ही रीतच पडली. "म्हातारे, तुज्या तुकड्यात बैल ठेचाळला की!" असं कुणी म्हटलं, की आत्याबाईंचा पारा चढलाच. टोपलं घेऊन त्या पुढे, मी मागे.

या रस्त्यानं दूध संस्थेचा टेम्पो गावात येऊ लागला. आमचं घर दोन म्हशींच्या दुधावर चाले.

काही वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. कडब्यासाठी लोकांनी बांधावरची झाडं लाकूडवाल्याला विकली. त्याचे ट्रक ओंडक्यांनी शिगोशीग भरून जात. महिन्याभरात मुरमाचं पीठ झालं, गुडघाभर चाकोऱ्या पडल्या. टेम्पोवाल्यानं सांगून टाकलं, "रस्ता नीट होईस्तोवर मी न्हाई येत."

दोन दिवस दूध नासलं. तिसऱ्या दिवशी आत्याबाई आमच्या तुकड्यात ट्रकसमोर फतकल मारून बसल्या. आम्ही बायका मागे उभ्या राहिलो.

लाकूडवाला खाली उतरला. "मावशी, रस्ता सरकारचा हाय."

"सरकार आलतं का खडी फोडाया? मोडलास तू, भरशील बी तूच."

"मी एकट्यानंच मोडला व्हय? गाडीत काय हाय ते बगा की जरा."

गाडीत सगळ्यात वर आमची बाभूळ होती. आदल्या दिवशी आत्याबाईंनीच विकलेली. कामाच्या दिवसांत आम्ही पाण्याचं मडकं टांगायचो, ती फांदीची खोबण मी लांबूनच ओळखली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याबाई उठल्या. वाटलं, आता घरी जातील. त्यांनी टोपलं उचललं.

"बरं. अर्दा खड्डा माजा, अर्दा तुजा. उतरव तुजी माणसं."

म्हातारी मुरूम वाहायला लागल्यावर तो तरी किती वेळ उभा राहणार? धोतर खोचून तोही लागला. तेव्हापासून झाड विकणारा आणि लाकूडवाला, दोघांनी मिळून चाकोऱ्या भरल्याशिवाय ट्रक गावाबाहेर पडला नाही. टेम्पो पुन्हा येऊ लागला.

आता तिथं डांबर आहे. कुणाचा तुकडा कोणता, ते कुणाला ठाऊक नाही. आत्याबाईही गेल्या. एसटीतून जाताना मला मात्र त्या ट्रकच्या दुष्काळातली एक दुपार आठवते. मुरूम टाकून झाला होता, आणि आत्याबाई तोडलेल्या बाभळीच्या बुंध्यावर रणरणत्या उन्हात भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या.

मी म्हणाले, "आत्याबाई, पलीकडच्या बांधाला लिंब हाय. सावलीला बसू की."

"तू जा," त्या म्हणाल्या. "सावली म्या इकलीय. आता दुसऱ्याच्या सावलीत कशापायी बसू?"

मी गेले नाही. त्यांच्या शेजारी उन्हातच बसले.